दोन डावी शिंगं

ही वही कोणाच्या हाती लागली तर आधीच माफी मागते. माझी शाळा मोर्शीजवळच्या खेड्यात चौथीपर्यंत झाली. ऱ्हस्व-दीर्घ मला आजही कळत नाही, आणि अक्षर असं की ओळ वरच्या रेघेवर सुरू होते आणि शेवटाला खालच्या रेघेवर उतरते. ही वही कॉलेजच्या पोरांची प्रॅक्टिकलची आहे, टाकून दिलेली. एक पान कोरं, चित्रासाठी, आणि एक पान रेघांचं. कोऱ्या पानावर माझं अक्षर आणखी घसरतं, म्हणून ती पानं मी तशीच सोडली आहेत.

परवा सकाळी हिवरखेडहून फोन आला. गावंडे सरांचा पुतण्या होता. म्हणाला, "मावशी, काका गेले."

मी म्युझियमची फरशी पुसत होते. मी विचारलं, "कुठं गेले?"

खरंच विचारलं. वीस दिवसांपूर्वी तर मी त्यांच्यासमोर बसून आले होते. मला वाटलं अकोल्याला दवाखान्यात गेले असतील. त्याच्यामागे बायकांचं रडणं ऐकू आलं. मग माझ्या लक्षात आलं, आणि मी तिथेच ओल्या फरशीवर बसले. साडी ओली झाली ते दुपारी समजलं.

कॉलेजच्या ग्रुपवर हात जोडल्याची चित्रं आली. पंधरा-सोळा आली, मग कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक आला. ते पाहून वाटलं, सर कसे होते ते कुठेतरी लिहून ठेवावं. कोणी नाही वाचलं तरी चालेल.

मी अमरावतीच्या या कॉलेजात कंत्राटावर झाडू-पोछ्याला लागले तेव्हा मला प्राणिशास्त्राचा मजला मिळाला. त्यात म्युझियम. दार उघडलं की कोल्हा, साळिंदर, काळवीट, घुबड, सगळे आपल्याकडेच पाहतात. बरण्यांत साप. मी दोन दिवस बाहेरूनच झाडून गेले. तिसऱ्या दिवशी तिथे शिकवणाऱ्या गावंडे सरांनी दारात गाठलं. बारीक अंगाचे, कानामागे पेन्सिल, शर्टाच्या खिशातून पांढरा दोरा लोंबत होता.

"आतून कावून नाई झाडलं?"

मी खाली पाहिलं.

"भेव वाटते?"

मी मान हलवली.

"वाटनारच. ओळख नाई ना झाली. सोयऱ्याच्या घरी गेलं तरी ओळख होयेपर्यंत बरं वाटत नाई मानसाले. चाला."

आणि त्यांनी मला एकेका जनावरापुढे उभं करून ओळख करून दिली. साधी नाही. आधी गावातलं नाव, मग त्याचं शास्त्रातलं पूर्ण नाव, मग ते कुठून आलं, कसं मेलं. पाऊण तास लागला. शेवटी म्हणाले, "हे झालं यायचं. आन तुमचं नाव?"

"बेबी."

"थे घरचं झालं. कागदावरचं?"

"यमुना. यमुना राऊत."

"हां. यमुनाबाई, आता यायनं बी तुमाले ओळखलं. झाडा बिनधास्त."

माहेरी मला बेबी म्हणत, सासरी बेबी, कॉलेजात सगळे मावशी. यमुना म्हणून शेवटची हाक चौथीच्या मास्तरांनी मारली होती. त्या दिवशी घरी गेल्यावर भाकरी थापताना मी हळूच ते नाव स्वतःशी म्हणून पाहिलं. नवरा नांदगाव पेठच्या कापडाच्या कारखान्यातून आला तेव्हा त्याला सांगायचं होतं, पण लाज वाटली.

सरांच्या खिशात कायम दोऱ्याची गुंडी आणि पुठ्ठ्याचे बोटभर तुकडे असत. दिसेल त्या वस्तूला चिठ्ठी बांधायची सवय. छत्रीला चिठ्ठी, कुठून घेतली, केव्हा घेतली. चहाच्या किटलीला चिठ्ठी. ऑफिसचे बडे बाबू एकदा म्हणाले, "सर, मले बी बांधून टाका एखादी."

सर म्हणाले, "तुमची ओळख पटली की बांधतो बाबू. अजून समजलं नाई तुमी काय हा थे."

बडे बाबू आठ दिवस बोलले नाहीत. सरांना ते नवव्या दिवशी कळलं.

त्यांचं लग्न झालं नव्हतं. सायकलवर येत. चहा बशीत ओतून, फुंकर न घालता, थंड होईपर्यंत पाहत बसत. आणि जनावरांच्या नावांवर बोलायला लागले की तास संपल्याची घंटा त्यांना ऐकू येत नसे. मी दाराबाहेर झाडू घेऊन उभी राहत असे, वर्ग रिकामा व्हायची वाट पाहत. तिथूनच मला सगळं कळलं.

आपल्याकडे ज्याला रोही म्हणतात आणि पुस्तकात नीलगाय, त्याचं शास्त्रातलं नाव बोसेलाफस ट्रॅगोकॅमेलस. सर पोरांना सांगत, "याच्यात चार जनावरं हाय. बैल, हरीन, बकरा, उंट. नाव देनाऱ्याले समजलंच नाई हे काय हाय, तं त्यानं सगळेच घालून देले. आन आपन त्याले गाय म्हनतो! थे आपला हरभरा खाते आन पाच जनावरायचं नाव लावते."

पोरं हसत. सर हसत नसत. म्हणत, "हसू नका. चुकलं तरी पयलं ठेवलेलं नाव सहजी बदलत नाई. म्हनून ठेवतानी पाहून ठेवा."

नाव लिहायची त्यांची रीत मला पाठ झाली. शब्द दोन. पहिला मोठ्या अक्षरानं सुरू, दुसरा लहान अक्षरानं. हातानं लिहिलं तर दोन्ही शब्दांखाली रेघ, पण वेगवेगळी. एकच लांब रेघ ओढलेली दिसली की सर वही परत करत. "दोन शबुद हाय तं दोन रेघा. मधात जागा." मी एकदा फळा पुसताना विचारलं, "सर, माणसाच्या नावाखाली पण अशीच रेघ द्यायची?"

"नाई. मानसाच्या नावाखाली रेघ नसते. रेघ जनावराच्या नावाले, ओळख पक्की पटली की." आणि मग खूश होऊन म्हणाले, "चांगला सवाल हाय. इतक्या वर्सांत एकाही पोरानं नाई विचारला."

म्युझियमच्या दारावर, आतल्या बाजूनं, अगदी वर, एक मोठी लाकडी फळी होती. तिच्यावर दोन लांबच लांब शिंगं, माझ्या खांद्याएवढ्या उंचीची, पीळ घेत वर गेलेली. खाली पितळी पाटी. अकोल्याच्या एका कापूस-जिनिंगवाल्या शेठजींनी आफ्रिकेत एकाच गोळीत टिपलेला कुडू, असं पाटीवर कोरलेलं होतं. कॉलेजात पाहुणा आला की आधी त्याला ही शिंगं दाखवत. दोन्ही टोकं एकाच बाजूला झुकलेली होती. सगळे म्हणत, काय ऐट आहे पाहा, मान वाकडी करून पाहतो आहे.

सर ती काठीनं दाखवत. "ट्रॅगेलाफस स्ट्रेप्सिसेरॉस. बकरा-हरीन, पिळाच्या शिंगाचा. आन आपला काळवीट, त्याच्या नावाचा अर्थ बी हरीन-बकरीच. शिंगाले बी पीळ. तं हे दोघं भाऊ भाऊ काय?"

पोरं म्हणत, "हो सर."

"नाई! काळवीटाच्या शिंगाले पाहा, वरपर्यंत कडे हाय, बांगड्या घातल्यावानी. कुडूचं शिंग साफ, त्याच्यावरून एक धार चढत जाते. कुडूची सोयरीक आपल्या रोह्याशी हाय, गाईबैलाशी हाय. नाव सारखं असलं म्हनजे नातं नसते. हात लावून पाहा, मंग बोला."

आणि पीळ समजावायला ते संत्रं काढत. आमच्या मोर्शीकडचं असलं तर आधी वास घेत. अंगठ्याच्या नखानं वरून सुरुवात करून सगळी साल एका पट्टीत काढत, न तुटता, आणि दोन टोकं धरून ताणत. साल पीळ घेऊन लोंबायची. मग दुसरं संत्रं घेऊन उलट्या बाजूनं सोलत. "हे डावं शिंग. हे उजवं. आरशात पाहिल्यावानी. एकाचा पीळ इकडे, दुसऱ्याचा तिकडे. देवानं जोडी अशी बनवली." साली खिडकीत वाळत पडत आणि संत्री पोरं खात. एक फोड ते दाराबाहेर माझ्यासाठी पाठवत.

त्यांच्या निवृत्तीला चार महिने राहिले होते तेव्हा कळलं की शेठजींचा नातू म्युझियमसाठी नवा हॉल बांधून देणार आहे. आजोबांचं नाव लागणार, ती शिंगं समोर काचेच्या पेटीत राहणार; आधी त्या पेटीचं उद्घाटन, मग हॉलचं काम. रंगकाम सुरू झालं आणि मिस्त्रींनी फळी पहिल्यांदा खाली उतरवली. माझ्यासमोर चटईवर ठेवून गेले. "मावशी, पुसून ठेवा."

मी ओलं फडकं बोटाला गुंडाळून एका शिंगाची धार पुसत वर गेले. बोट गोल गोल फिरत गेलं. मग दुसरं घेतलं. बोट पुन्हा त्याच बाजूनं गोल गेलं.

मला वाटलं मी बसले वाकडी. मी पलीकडून जाऊन बसले. तसंच. मी खिडकीतल्या दोन वाळक्या साली आणल्या आणि शिंगांना लावून पाहिल्या. एक साल दोन्ही शिंगांना जुळत होती. दुसरी एकालाही जुळत नव्हती.

असं वाटलं की काहीतरी मीच मोडलं आहे. अर्धा तास मी तशीच बसून राहिले. सर चहा घेऊन आले.

"सर, माझं चुकलं असेल."

"काय फुटलं?"

"फुटलं नाही काही. ही दोन्ही शिंगं... एकाच बाजूनं पीळ घेतात."

सर हसले. "तसं होतच नाई यमुनाबाई." मग माझ्या हातातल्या साली पाहिल्या आणि हसू थांबलं. चहाचा कप जमिनीवर ठेवून ते खाली बसले. डोळे मिटून एका शिंगावरून बोट नेलं. मग दुसऱ्यावरून. मग पुन्हा पहिल्यावरून. चहावर साय धरली.

"बाप्पा," ते म्हणाले.

मग म्हणाले, "तेहेतीस वर्सं. तेहेतीस वर्सं मी पोरायले सांगून राहिलो, हात लावून पाहा, मंग बोला. आन सोता काठीनं दाखवत होतो. काठीनं!"

त्यांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. ते लगेच स्क्रू काढायला बसले. फळी जुनी, कोरडी. मधोमध तडकली. शिंगं सुटी झाली. एका शिंगात आत हाड होतं. दुसरं पोकळ, आणि त्यात काहीतरी दाबून भरलेलं. सरांनी चिमट्यानं ओढलं. कापूस निघाला, पिवळा पडलेला, सरकीसकट.

"आफ्रिकेच्या जनावराच्या शिंगात अकोल्याची रुई," सर म्हणाले. "दोनी डावेच. दोन वेगळ्या जनावरायचे. कोनी तरी बजारातून आनून बसवले, यमुनाबाई. एका गोळीत एका जनावराचे दोन डावे शिंग निघत नसतात."

मी म्हटलं, "सर, कोणाला सांगू नका."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी परक्या भाषेत बोलले.

प्राचार्यांनी त्यांना बोलावून घेतलं. मी बाहेर व्हरांडा पुसत होते, दार उघडंच होतं. प्राचार्य म्हणाले, "सर, आठच दिवस थांबा. उद्घाटन होऊ द्या, मग काय लावायची ती चिठ्ठी लावा."

"आठ दिवसात त्यातलं एक उजवं होईन काय?" सरांनी विचारलं.

"हॉलचा प्रश्न आहे हो!"

"हॉलमंदी खोटं ठेवाचं तं हॉल कायले पायजे?"

त्या दुपारी सरांनी नवी चिठ्ठी लिहिली. कुडूचं नाव, दोन शब्द, दोन रेघा. खाली मराठीत: डावे शिंग, डावे शिंग, जोडी नाही. पितळी पाटीही तिथेच ठेवली. त्यांचा नियम होता की जुनी चिठ्ठी चुकीची असली तरी फेकायची नाही, नवी तिच्याखाली लावायची. कोण चुकलं तेही दिसलं पाहिजे. आणि मग त्यांनी एक लहान चिठ्ठी वेगळी लिहिली आणि दोऱ्यानं शिंगाला बांधली. ज्यानं ओळख पटवली त्याच्या नावाची चिठ्ठी वेगळी असते. तिच्यावर लिहिलं होतं: ओळखले, यमुना राऊत.

मी ते दोनदा वाचलं. मी म्हटलं, "सर, माझं नाव काढा. माझं कंत्राट दर वर्षी नवं करतात. घरवाल्याच्या कारखान्यात आधीच माणसं कमी करत आहेत. मला काढून टाकतील."

"ज्यानं पाहिलं त्याचं नाव लागते."

"तुमचं लावा."

"मी नाई पाहिलं. माझं लावलं तं थे चोरी होईन. आजवर मी कोनाची ओळख चोरली नाई, यमुनाबाई." नरमपणानं बोलले, पण हलले नाहीत. मी दुसऱ्यांदा हात जोडले तेव्हा ते खिडकीबाहेर पाहत राहिले.

उद्घाटनाच्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी गेले. कात्रीनं दोरा कापला. चिठ्ठी ब्लाउजमध्ये ठेवली. दोऱ्याचा तुकडा शिंगालाच लोंबत राहिला, तो काढायचं सुचलं नाही.

शेठजींचा नातू आला, हार झाले, फोटो झाले. मी दारात पोछा धरून उभी होते. काचेच्या पेटीपुढे तो वाकला आणि वाचलं. "जोडी नाही? म्हणजे काय?"

सरांनी समजावून सांगितलं. साली आणल्या होत्या खिशातून. कापूसही दाखवला.

"म्हणजे आमचे आजोबा खोटं बोलले?"

"आजोबाचं मले मालूम नाई. शिंगायचं मालूम हाय."

प्राचार्यांनी कपाळाचा घाम पुसला. नातवाचा आवाज चढला. "पण हे ठरवलं कोणी? कोणी ओळखलं?"

सरांनी पेटीचं दार उघडून चिठ्ठी दाखवायला हात पुढे केला. हातात दोरा आला, कापलेला. त्यांनी तो बोटांत धरला. किती वेळ धरला कोणास ठाऊक, मला वाटलं दिवस मावळला. मग त्यांनी मान वळवून दारात माझ्याकडे पाहिलं. मी पोछ्याची काठी दोन्ही हातांनी धरली होती.

"मी," सर म्हणाले.

मला मुस्काटात मारल्यासारखं झालं. तेहेतीस वर्षांत त्यांनी एक रेघ चुकीची ओढली नव्हती. आणि त्या दिवशी, इतक्या लोकांत, त्यांच्याच हिशेबानं जी चोरी होती, ती त्यांनी केली. मला तोंड उघडता आलं असतं. मी उघडलं नाही. मी बादली उचलून खाली गेले.

हॉल झाला नाही. नातू पितळी पाटी घेऊन गेला. शिंगं अडगळीच्या खोलीत गेली. तडकलेली फळी आणि ऑर्डर देऊन आणलेली काचेची पेटी मिळून बारा हजार रुपये सरांच्या शेवटच्या पगारातून कापले. निरोपाचा कार्यक्रम ठेवला नाही. शेवटच्या दिवशी सर सायकलला पिशवी अडकवून गेले, छत्रीला चिठ्ठी तशीच. मी जिन्यावरून पाहिलं. खाली उतरले नाही.

माझं कंत्राट पुन्हा नवं झालं.

चार महिने मला जेवण गोड लागलं नाही. मग एका रविवारी मी अकोल्याची एसटी धरली, तिथून दुसरी, हिवरखेडला उतरले आणि विचारत विचारत त्यांच्या भावाच्या घरी गेले. सर ओसरीत बसून हरभऱ्याच्या पोत्यांना चिठ्ठ्या बांधत होते. मी चिठ्ठी त्यांच्यापुढे ठेवली. म्हटलं, "मीच कापली."

मला वाटलं होतं ते म्हणतील जाऊ द्या, झालं गेलं. सगळे मोठे लोक असंच म्हणतात. सर भडकले.

"कापली कावून? गाठ सोडाची असते! दोरा कापला तं समजते की कोनी तरी काढली. सोडली असती तं वाटलं असतं पडली." मग श्वास घेऊन म्हणाले, "तुमच्यापायी मी चोरी केली यमुनाबाई. तुमी भेल्या, थे ठीक हाय. भेव वाटनारच. पन थे चोरी माझ्या नावावर हाय अजून."

मी रडायला लागले. म्हटलं, "सर, ते बारा हजार मी देईन."

पुतण्याची बायको पाणी घेऊन आली होती, ती म्हणाली, "राहू द्या हो मावशी, काका कशाले घेतात."

"घेतो," सर म्हणाले. "कावून नाई घेऊ? फळी मी तोडली, थे माझं. पन चिठ्ठी राहिली असती तं बिल दोघायच्या नावानं फाटलं असतं. अर्धं तुमचं. सहा हजार." आणि चिठ्ठी माझ्या हातात परत दिली. "पैसे जसे जमन तसे द्या. आन हे परत बांधा. चिठ्ठी बांधल्याबिगर पूर्न पावती नाई भेटनार."

घरी येताना एसटीत मला धक्काच बसल्यासारखं वाटत होतं. पण त्या रात्री मी चार महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवले. त्यांनी सोडून दिलं असतं तर मी आजन्म सुटले नसते.

दर तीन महिन्यांनी मी जात असे. पाचशे रुपये देत असे. ते मोजून घेत, तारीख लिहीत, आणि मान वर न करता विचारत, "बांधली?"

"नाही सर."

"बरं."

मग संत्री निघत. उन्हाळ्यात मोसंबी, नाहीतर लिंबूच. एक इकडून, एक तिकडून. शेजारची म्हातारी एकदा म्हणाली, "मास्तर, लिंबू सोलते का कोनी?" सर म्हणाले, "काकू, शिंग कहाडून राहिलो." ती पदर तोंडाला लावून गेली.

अकराव्या खेपेला त्यांनी संत्रं हातात घेतलं आणि साल अर्ध्यात तुटली. त्यांनी दुसरं घेतलं. तेही तुटलं. ते तुटलेल्या तुकड्याकडे पाहत राहिले आणि मी त्यांच्या हाताकडे. बोटं सुजली होती, नख निळं होतं. सर कधी थकतील असं माझ्या मनात आलंच नव्हतं. मी काही न बोलता उरलेलं संत्रं उचललं आणि सोललं, त्यांच्यासारखं, नखानं, एका पट्टीत. त्यांनी ते ताणून पाहिलं.

"डावं," ते म्हणाले. "बरोबर."

परत आले त्याच आठवड्यात मी अडगळीच्या खोलीतून शिंगं काढली. पुसली. म्युझियममध्ये काळवीटाच्या बाजूच्या फळीवर ठेवली, मोठी चिठ्ठी सरांच्या अक्षरातली तशीच होती. आणि लहान चिठ्ठी नव्या दोऱ्यानं बांधली. गाठ तीनदा सुटली, चौथ्यांदा बसली.

दुसऱ्या दिवशी विभागाच्या नव्या मॅडम तिथे थांबल्या. वाचलं. "मावशी, ही यमुना राऊत कोण? जुनी विद्यार्थिनी होती का?"

मी हातातलं फडकं खाली ठेवलं. म्हटलं, "मी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, शिंगांकडे पाहिलं, आणि बोट धारेवरून फिरवत वर नेलं. दुसऱ्यावरूनही नेलं. "अरे खरंच की," त्या म्हणाल्या, आणि तासाला निघून गेल्या. तीन वर्षं ज्याला मी भ्याले ते इतकंच होतं. मी तिथे उभी राहिले, आणि मला स्वतःचीच चीड आली.

बाराव्या खेपेला, म्हणजे वीस दिवसांपूर्वी, सर खाटेवर होते. उशीला टेकून बसले. मी पाचशे रुपये ठेवले.

"बांधली?"

"बांधली सर."

त्यांनी मान वर केली. मी फोनमध्ये काढलेला फोटो दाखवला. त्यांनी भिंग मागितलं आणि फोन डोळ्याजवळ नेऊन बराच वेळ पाहिलं.

"गाठ?"

"सुटणारी आहे."

"कोनी विचारलं?"

"नव्या मॅडमनी. मी म्हटलं, मी."

सरांनी पुतण्याच्या बायकोला कागद आणायला सांगितला. कानामागे पेन्सिल नव्हती, ती उशीखाली निघाली. लिहायला खूप वेळ लागला. मी जमिनीकडे पाहत होते. त्यांनी कागद माझ्या हातात दिला तेव्हा मी आधी आकडा पाहिला, आणि मग माझं नाव. नावाखाली रेघा होत्या. यमुनाखाली एक, राऊतखाली एक, मधात जागा.

मी म्हटलं, "सर, माणसाच्या नावाखाली रेघ नसते ना?"

"मले मालूम हाय," सर म्हणाले, आणि डोळे मिटून उशीला टेकले.

तो कागद या वहीतच ठेवला आहे. नावाच्या खाली लिहिलं आहे: रुपये सहा हजार, पूर्ण मिळाले.